सड्यावरचा हत्ती आणि खाडीतलं खापर

प्रश्न : आमच्या सड्यावर, काजूच्या बागेपलीकडे, कातळात एक माणूस आणि माशासारखी एक आकृती कोरलेली आहे. फोटो जोडला आहे. म्हातारी माणसं म्हणतात पांडवांनी केलं. पुतण्या दहा हजार वर्षं सांगतो, मोबाईलवर कुणी वीस हजार सांगतं. खरं वय किती? आणि कार्बन लावून का तपासत नाहीत?
— एक शेतकरी, राजापूर तालुका

उत्तर : आधी माझी एक कबुली. मोजणी खात्यात मी ३३ वर्षं काढली, त्यातली निम्मी राजापूर-लांज्याच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारांवर. १९८६ च्या मे महिन्यात एका पोटहिश्श्याच्या मोजणीला गेलो होतो. दुपारी साखळी गुंडाळली, कातळावर बसून भाकरी आणि जवळ्याची चटणी खाल्ली, हात धुतले. सांडलेलं पाणी एका खाचेत शिरलं, वळलं, पुढे जाऊन पुन्हा वळलं. बरोबरचा शिपाई म्हणाला, "साहेब, तुमी हत्तीच्या पोटात बसलाव." त्याला ते लहानपणापासून माहीत होतं. मी नकाशावर त्या जागी 'खडक, पोटखराब' असं लिहिलं आणि पुढच्या हद्दीकडे निघालो.

आता वय. कार्बनची तपासणी होते ती हाड, लाकूड, कोळसा, शिंपला अशा एके काळी जिवंत असलेल्या वस्तूंची. तुमचं चित्र म्हणजे कातळातून काढून टाकलेला दगड. तो दगड केव्हाच गेला. राहिली ती खाच. खाचेचं वय कशावरून काढणार?

वाट असते ती आजूबाजूच्या मातीतून. इंग्लंडमध्ये अफिंग्टनच्या टेकडीवर एक प्रचंड पांढरा घोडा आहे, चर खणून त्यात खडू ठासून केलेला. पुष्कळ काळ लोक त्याला सॅक्सन राजाच्या विजयाची खूण समजत. १९९० च्या दशकात त्याच्या थरांतल्या मातीवर शेवटचा सूर्यप्रकाश कधी पडला हे प्रयोगशाळेत तपासलं, आणि घोडा इसवी सनापूर्वी सुमारे १३८० ते ५५० च्या दरम्यानचा ठरला. पोर्तुगालच्या कोआ खोऱ्यात, फारिझेउ या जागी, १९९९ साली कोरलेला खडक जुन्या मातीच्या थरांखाली गाडलेला मिळाला. थर ज्या काळाचे, चित्र त्याच्या आधीचं, इतका साधा हिशेब. आपल्या सड्यावर पंचाईत ही की माती टिकतच नाही. चार महिने कोसळणारा पाऊस कातळ धुऊन काढतो.

म्हणून इथे अनुमानाने चालावं लागतं. काही चित्रांत गेंडा आहे, पाणघोडा आहे. आज कोकणात दोन्ही नाहीत, म्हणजे ती चित्रं जुनीच असावीत. सिंधुदुर्गात कोळोशीच्या गुहेत उत्खनन झालं, तिथे दगडी हत्यारं निघाली. २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत कोकणातल्या नऊ जागा गेल्या : उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, कुडोपी आणि गोव्यातलं फणसायमळ. तिथे काळ दिला आहे तो मध्याश्मयुगापासून ते ऐतिहासिक काळाच्या सुरुवातीपर्यंत, म्हणजे कित्येक हजार वर्षांचा पट्टा. त्या पट्ट्यात तुमच्या पुतण्याचा आकडा बसू शकतो. पण 'बसू शकतो' आणि 'आहे' यांत फरक असतो. मोजणीवाल्याला तर तो फार. कशेळीचा हत्ती मात्र वयाविनाही थक्क करतो. १८ मीटर बाय १३ मीटर, आणि त्याच्या पोटात इतर प्राण्यांची गर्दी. एवढी आकृती जमिनीवर उभं राहून एका नजरेत मावत नाही. कोरणाऱ्याने प्रमाण कसं सांभाळलं असेल? मी साखळी आणि फलक घेऊनसुद्धा दोनदा चुकलो असतो.

तुम्ही करायचं ते हे. खाचांत खडू, चुना, रंग काही भरू नका. फोटो उठावदार येतो खरा, पण रंग जांभ्याच्या छिद्रांत बसतो आणि निघत नाही. फोटो सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर काढा, तिरप्या उजेडात रेघ आपोआप उठते. गट नंबर, उत्तर दिशा, लांबी-रुंदी लिहून राज्य पुरातत्त्व विभागाच्या रत्नागिरीतल्या कार्यालयाला लेखी कळवा आणि पोच घ्या. भोवती कुंपण करायचंच तर सिमेंट नको, आपला सुका गडगा, म्हणजे नुसते दगड रचलेला बांध, पुरे. आणि जवळ चिरेखाण असेल तर आजच कळवा. कोआ खोऱ्यात धरण बांधायला घेतलं होतं. तेव्हा तिथली शाळकरी मुलं 'चित्रांना पोहता येत नाही' अशी घोषणा देत रस्त्यावर उतरली आणि धरण थांबलं. चिरा कापणाऱ्या यंत्रापुढे तर चित्राला पळताही येत नाही.

प्रश्न : भरतीनंतर खाडीच्या काठी जाड लाल मातीचा, कान असलेला एका भांड्याचा तुकडा मिळाला. रोमन असेल का? विकला तर काही येईल का?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी : विकू नका. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांवरची वस्तू पुरावस्तू ठरते आणि तिचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही. जमिनीत पुरलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं धन सापडलं तर कलेक्टरला कळवायचं, हा १८७८ चा कायदाही अजून जिवंत आहे. दहा रुपये तेव्हाचेच राहिलेत, बघा!

आता तुकडा. रोमन व्यापाराचा रांजण म्हणजे अँफोरा : दोन कान, निमुळतं बूड, जहाजाच्या तळाशी दाटीने रचायचा. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने 'पेरिप्लस' नावाची समुद्रवाटेची वही लिहिली. तिच्यात भरुचला येणाऱ्या मालात दारू आहे. इटलीची आधी, मग लाओदिकियाची आणि अरबस्तानची. इटलीतल्या व्हेसुव्हियसच्या बाजूच्या मातीत घडलेल्या अँफोरात ज्वालामुखीचे बारीक काळे कण चमकतात. जुन्या फुटीवर भिंगातून पाहा, नव्याने तोडून पाहू नका. आतून डांबरासारखा लेप असेल तर वाट इराणच्या आखाताकडे जाते, पण त्या लांबोड्या रांजणांना कान नसतात. वर चकाकी असेल तर काळ आणखी अलीकडे सरकतो. आपल्या 'मर्तबान' या शब्दातच ब्रह्मदेशातलं बंदर बसलेलं आहे. नुसता कान पाहून रोमन म्हणणं म्हणजे नुसता सातबारा पाहून शेताचा आकार सांगणं.

खरं विचारायचं ते वेगळंच : तो तुकडा नेमका कुठे होता? १९९४ साली मी चौलला एका लग्नाला गेलो होतो. नारळीच्या वाडीत पाट वळवताना असंच एक खापर निघालं. खिशात घातलं, घरी आणलं, दहा वर्षं टेबलावर कागद दाबायला ठेवलं. पुढे चौलला डेक्कन कॉलेजच्या विश्वास गोगटे यांच्या चमूने उत्खनन केल्याचं वाचलं आणि माझं खापर घेऊन एका जाणकारांकडे गेलो. त्यांनी विचारलं, "कुठलं?" म्हटलं, "चौलचं." "चौलात कुठलं? किती खोल? बरोबर काय होतं?" आयुष्यभर दुसऱ्यांच्या हद्दी दाखवणारा मी गप्प बसलो. त्यांनी ते अगदी सौजन्याने परत माझ्या हातात ठेवलं.

उलट उदाहरण इटलीतल्या पॉम्पेई या जुन्या शहराचं. १९३८ साली तिथल्या एका घरात भारतीय घडणीची छोटी हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. तिच्याशी मिळतीजुळती मूर्ती आपल्याकडे धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला मिळाली आहे. पॉम्पेई इ. स. ७९ साली व्हेसुव्हियसच्या राखेखाली गेलं, म्हणजे मूर्ती त्याआधी समुद्र ओलांडून गेली होती, यावर वाद नाही. तीच मूर्ती एखाद्या दलालाच्या पेटीत मिळाली असती तर पंडित आजही तिच्या काळावरून भांडत असते.

तुमचा तुकडा धुऊ नका. मिळालेल्या जागी पुन्हा जा, मोबाईलवर ठिकाण नोंदवा, भरतीची रेघ किती लांब होती ते लिहा. मग दाखवायला न्या.

प्रश्न : ग्रीकांचं 'मंदगोरा' म्हणजे आमचं बाणकोट ना? गावच्या स्मरणिकेत तसं छापायचं आहे.
— स्मरणिका समिती, मंडणगड तालुका

उत्तर : छापू नका, निदान 'ना?' काढून तरी छापू नका. पेरिप्लसमध्ये कल्याणच्या दक्षिणेला सेमुल्ला, मंदगोरा, पालैपत्मै, मेलिझेगारा अशी बंदरं ओळीने येतात. सेमुल्ला म्हणजे चौल हे बहुतेकांना मान्य आहे. पुढची नावं अभ्यासकांनी आवाजाच्या साम्यावर बसवली. मेलिझेगारा म्हणजे जयगड, वगैरे. मंदगोराला बाणकोटचा दावा जुना आहे, पण राजपुरीच्या खाडीतल्या मांदाडचा मला जास्त पटतो. जवळच कुड्याची २६ लेणी आहेत आणि तिथल्या शिलालेखांत मांदव महाभोजांचं, म्हणजे तिथल्या अधिपतींचं, घराणं येतं. दान देणाऱ्यांत माळी आहे, वैद्य आहे, कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारी आहे. घाटावरचा व्यापारी खाडीकाठी लेणं खोदून देतो तेव्हा तिथे नुसती कोळ्यांची वस्ती नसणार. बाणकोटकर रागावतील, रागावू देत. तिथल्या सावित्री नदीच्या मुखाला मंदगोराची गरज नाही.

प्रश्न : मी बारावीत आहे. मला इजिप्त आणि मेसोपोटेमिया शिकायचं आहे. गावात ग्रंथालय नाही, फक्त फोन आहे. कुठून सुरुवात करू?
— एक विद्यार्थिनी, अलिबाग तालुका

उत्तर : फोन पुष्कळ आहे. 'प्लेइआडीस' ही प्राचीन स्थळांची मोफत सूची उघड. ग्रीक-रोमन जगातल्या जागा नकाशावर मिळतात. मेसोपोटेमियातल्या, बाणलिपीत लिहिलेल्या मातीच्या पाट्यांचे फोटो 'सीडीएलआय' या संग्रहात आहेत. धान्याचे हिशेब, मजुरांची हजेरी, सगळं आपल्या तलाठ्याच्या दप्तरासारखं. भारतासाठी पुरातत्त्व सर्वेक्षणाचं 'इंडियन आर्किऑलॉजी : अ रिव्ह्यू' १९५३-५४ पासून वर्षवार वाच. रुक्ष आहे, पण कुठे काय निघालं ते त्यातच.

इजिप्तकडे मात्र पिरॅमिडवरून जाऊ नकोस, बेरेनिकेवरून जा. तांबड्या समुद्रावरचं ते बंदर म्हणजे आपल्या किनाऱ्याच्या व्यापाराचं दुसरं टोक. तिथे देवळाच्या आवारात भारतीय बनावटीच्या रांजणात सुमारे ७.५ किलो काळी मिरी निघाली, पुन्हा वापरलेलं सागवान निघालं, २०२२ साली बुद्धाची मूर्ती निघाली. वाटेत सोकोत्रा बेटावर होक नावाची गुहा आहे. तिच्या आत, काळोखात, भारतीय खलाशांनी ब्राह्मी या आपल्या प्राचीन लिपीत आपली नावं लिहून ठेवली आहेत. भरुचचे लोकही त्यात आहेत.

तेवढ्यासाठी ब्राह्मी शीक. अक्षरं फार नाहीत, महिन्याभरात जमतात. मग मांडव्याहून लाँचने मुंबईला जा आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सोपाऱ्याचा अशोकाच्या लेखाचा तुकडा बघ. सोपाऱ्याच्या नवव्या लेखाचा तुकडा मिळायला १९५६ साल उजाडलं. तो कुणाच्या पायरीला किंवा विहिरीच्या काठाला लागला असता तर आपण त्यावर पाय धुतले असते.

प्रश्न : ही कातळचित्रं परग्रहवासीयांनी काढली असं एका व्हिडिओत आहे.
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : नाही.

*ताजा कलम, राजापूरच्या शेतकरी वाचकांसाठी :* तुमच्या फोटोत माशाच्या शेपटीजवळ मापासाठी चप्पल ठेवली आहे. पुढच्या वेळी फूटपट्टी ठेवा. तोवर चप्पल कितव्या नंबरची ते कळवा.