जुन्या हिंदी सिनेमांतल्या अमेरिकन गाड्या नेमक्या कशा ओळखायच्या? मला सगळ्याच इम्पाला वाटतात.

तुम्हालाच नाही, बहुतेकांना वाटतात. आपल्याकडे लांबलचक, मागे उभे पंख असलेली गाडी दिसली की ती इम्पाला, असं ठरूनच गेलंय. पण इम्पाला हे शेवरोले कंपनीचं एक मॉडेल, आणि ते नाव गाड्यांवर आलंच मुळी १९५८ साली. म्हणून आधी साल काढा, नाव नंतर.

दृश्य थांबवा आणि पहिल्यांदा चाक बघा. ते लंबगोल दिसत असेल तर चित्र ताणलेलं आहे, अंगलटीवरून काही ठरवू नका. नंबरप्लेट उलटी वाचायला येत असेल तर रीळच उलटं छापलंय, मग स्टिअरिंग कुठल्या बाजूला आहे याला अर्थ नाही.

मग पुढची काच. शेवरोलेत मधोमध उभी पट्टी असेल तर गाडी १९५२ किंवा त्याआधीची. काच दोन्ही कडांना वळून बाजूपर्यंत आली असेल तर १९५५ किंवा त्यानंतरची; ब्यूक, कॅडिलॅकला ती एक वर्ष आधी मिळाली. हेडलाइट दोन-दोनच्या जोडीत असतील तर १९५८ किंवा पुढचं धरा, १९५७ मध्ये ते मोजक्याच गाड्यांना होते.

आता इम्पाला. मागून बघा. १९५८ ला आणि १९६० पासून पुढची काही वर्षं सेडान किंवा दोन दारांच्या कूपेला प्रत्येक बाजूला तीन गोल दिवे असतील तर इम्पाला. दोनच असतील तर बेल एअर किंवा बिस्केनसारखं शेवरोलेचंच स्वस्त मॉडेल. १९५९ चा अपवाद: तेव्हा सगळ्याच मोठ्या शेवरोलेंना मांजरीच्या डोळ्यांसारखे तिरपे दिवे होते, त्यामुळे तिथे दिवे मोजून उपयोग नाही, बाजूचं नाव वाचावं लागतं.

१९५७ च्या शेवरोलेलाही सरसकट बेल एअर म्हणतात. तेच अंग टू-टेन आणि वन-फिफ्टी या स्वस्त मॉडेलांनाही होतं. बेल एअरच्या मागच्या मडगार्डवर क्रोम पट्ट्यांच्या मधे बारीक रेघांचा ॲल्युमिनिअमचा पत्रा असतो. कृष्णधवल चित्रातही तो चमकतो. टू-टेनला तिथे नुसता रंग. पेट्रोल पंपाचं दृश्य असेल तर आणखी सोपं: १९५५ ला टाकीचं झाकण डाव्या मडगार्डवर उघड दिसतं, १९५६ ला ते डाव्या टेललाइटमागे, १९५७ ला डाव्या पंखाच्या क्रोममागे लपवलेलं.

बॉनेटच्या बाजूला ओळीने भोकं असतील तर बहुधा ब्यूक, १९४९ किंवा नंतरची.

खरी डोकेदुखी क्रायस्लर गटातल्या डॉज, प्लिमथ आणि डिसोटोची. प्रीमिअर ऑटोमोबाइल्स कंपनीच्या मुंबईतल्या कुर्ल्याच्या कारखान्यात त्या जुळवल्या जात. डॉज किंग्जवे आणि डिसोटो डिप्लोमॅट म्हणजे मुळात प्लिमथचंच अंग, पुढची जाळी आणि बिल्ला तेवढा वेगळा. नुसत्या बाजूच्या दृश्यावरून कुणी छातीठोकपणे नाव सांगत असेल तर विश्वास ठेवू नका; 'क्रायस्लर गटातली' इथेच थांबा.

गाणं गाडीत बसून चाललं असेल तर आतल्या दृश्यांवर विसंबू नका. ती बरेचदा स्टुडिओत, मागे पडद्यावर रस्ता दाखवून घेत, आणि तिथली गाडी रस्त्यावरचीच असेल असं नाही. डॅशबोर्ड आणि बाहेरचं अंग जुळतंय का ते आधी बघा.