भीष्म दहाव्या दिवशी 'पडले', वारले नाहीत

प्रश्न असा आहे : पुराणातल्या गोष्टी मुलांसाठी पुन्हा लिहिताना देवांच्या आणि वीरांच्या बाबतीत 'मृत्यू', 'मेला' लिहावं, की सरसकट 'निजधामास गेले' बरं? जन्माच्या वेळी 'जन्म झाला' की 'प्रकट झाले'? आणि हनुमानाची जयंती म्हणू नये, जयंती फक्त मेलेल्यांची असते, हे खरं का?

सरसकट काहीच लिहू नका. पुराणात कोण कसा जन्मला आणि कसा गेला ही निम्मी गोष्ट असते, आणि ती क्रियापदात दडलेली असते.

भीष्मांचंच घ्या. युद्धाच्या १०व्या दिवशी अर्जुनाने शिखंडीला पुढे घालून त्यांना रथातून खाली आणलं. इथे जुनं, नेमकं क्रियापद आहे 'पडले'. ते फार साधं वाटतं म्हणून पुष्कळ जण 'भीष्मांचा मृत्यू झाला' करतात, आणि कथाच चुकते. ते पडले ते शरपंजरी. उत्तरायणाची वाट पाहत त्यांनी तिथे ५८ रात्री काढल्या. तेवढ्यात युद्ध संपलं, युधिष्ठिराला राज्याभिषेक झाला, त्याला राजधर्म सांगून झाला, आणि मग त्यांनी प्राण सोडले. 'गेले' नव्हे, 'सोडले'; इच्छामरणाचा वर होता ना!

द्रोणांचं प्रकरण याहून नाजूक. १५व्या दिवशी अश्वत्थामा मेला असं ऐकून त्यांनी शस्त्र ठेवलं आणि योगबळाने प्राण वर नेले. ते जाताना फक्त पाच माणसांना दिसले : संजय, अर्जुन, कृप, कृष्ण आणि युधिष्ठिर. धृष्टद्युम्नाने केस धरून शिर उडवलं ते त्यानंतर. आपण 'द्रोणवध' म्हणतो आणि म्हणावंही, पण गोष्ट सांगताना हा क्रम गाळलात तर द्रोण साध्या कपटाला बळी पडलेले म्हातारे तेवढे उरतील.

आता वध की हत्या? वध म्हणजे सन्मानाने मारणं आणि हत्या म्हणजे दुष्टपणे मारणं, अशी सोपी वाटणी सांगितली जाते. ती बहुतेक वेळा चालते. रावणाचा, कंसाचा, कीचकाचा वध. अश्वत्थाम्याने रात्री झोपलेली द्रौपदीची मुलं मारली, तिथे 'वध' लिहायला हात धजत नाही. त्याच अश्वत्थाम्याने उत्तरेच्या गर्भावर अस्त्र सोडलं, ती भ्रूणहत्या. पण वृत्राच्या गोष्टीत ही वाटणी टिकत नाही. इंद्राने केला तो वृत्रवध, आणि त्या वधापायी इंद्राच्या मागे लागली ती ब्रह्महत्या. तिच्या भीतीने तो कमळाच्या देठात लपून बसला. कृत्य एकच, शब्द दोन. वध म्हटलं की पराक्रम दिसतो, हत्या म्हटलं की डोक्यावर बसलेलं पाप. त्यामुळे आधी ठरवा, तुम्ही गोष्ट कुणाच्या बाजूने सांगताय. पूतनेचंही तसंच : बाळकृष्णाच्या बाजूने वध, तिच्या गतीकडे पाहिलं तर उद्धार.

'निधन' मात्र टाळा. शब्द वाईट नाही, गीतेत 'स्वधर्मे निधनं श्रेयः' आहेच. पण आज त्याला वर्तमानपत्राचा वास येतो. 'दशरथाचे दुःखद निधन' वाचलं की पुढे अंत्ययात्रेची वेळ शोधावीशी वाटते. त्याने रामाच्या विरहात प्राण सोडले, बस.

देवांबद्दल बोलताना मराठी एक गंमत करते. माणसाचा जन्म 'होतो', देव तो 'घेतो'. माणूस 'जातो', देव देह 'ठेवतो', अवतार 'संपवतो'. म्हणजे आदर नुसत्या मोठ्या शब्दांत नाही, कर्तेपणात आहे. 'जन्म' शब्दाने देवाला कमीपणा येतो असं तर मुळीच नाही. कृष्ण स्वतःच अर्जुनाला 'बहूनि मे व्यतीतानि जन्मानि' सांगतो. फक्त 'निजधामास गेले' हा पडदा म्हणून वापरू नका. जरा नावाच्या व्याधाने हरिण समजून बाण मारला, तो पायाला लागला, हे आधी स्वच्छ लिहा, मग देह ठेवला म्हणा. पण 'जराने कृष्णाचा वध केला' असं कोणी म्हणत नाही, हेही ध्यानात असू द्या.

'प्रकट होणे' हे राखून ठेवण्याचं क्रियापद आहे. नरसिंह खांबातून प्रकटला, तिथे दुसरं काही बसणारच नाही. द्रौपदीही यज्ञवेदीतून प्रकटली; अशांना अयोनिज म्हणतात. सीता जनकाला नांगरताना सापडली, आणि नाव तेच पडलं, कारण सीता म्हणजे नांगराचं तास, जमिनीत ओढलेली रेघ. राम मात्र कौसल्येच्या पोटी आला. त्यालाही 'प्रकट' केलंत तर बिचाऱ्या कौसल्येने केलं काय?

राहिली जयंती. 'मेलेल्यांचीच' ही समजूत निराधार आहे. परशुरामही हनुमानासारखेच सात चिरंजीवांपैकी, त्यांची जयंती बिनदिक्कत होते. दत्तजयंती, नृसिंहजयंती आहेतच. मुळात श्रावणातल्या कृष्णाष्टमीला रोहिणी नक्षत्राचा योग आला की त्या तिथीला जयंती म्हणत. धर्मशास्त्राच्या ग्रंथांत जन्माष्टमीव्रत आणि जयंतीव्रत यांची चर्चा या योगावरून चालते. म्हणजे शब्दाचं माहेर कृष्णजन्मातच आहे. 'जन्मोत्सव' आवडत असेल तर खुशाल म्हणा. गेलेल्या माणसासाठी राखलेला शब्द पुण्यतिथी आहे, आणि तो रामालाही कोणी लावत नाही, कृष्णालाही नाही.