सरकार मानत नाही, मग हे चूकच ना?

बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातलं एक जोडपं गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे आलं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.) पुण्यात नोकरीला असलेल्या मुलाने निपाणीचं स्थळ नाकारलं होतं आणि फोनवर सांगून टाकलं होतं, मला मुलगेच आवडतात. आईचं एकच, "औषध हाय काय ओ मॅडम?" वडिलांचा प्रश्न निराळा. "सरकार तरी कुठं मानतंय असलं लगीन? म्हणजे चूकच की."

असं विचारणारे पुष्कळ पालक येतात. औषध नाही, कारण हा आजारच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० सालीच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. 'बदलून देतो' म्हणणाऱ्यांच्या दारात जाऊ नका, हे मी दोनदा बजावलं.

सरकारचं म्हणाल तर त्याची भूमिका एका जागी राहिलेली नाही. २०१८ साली, समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमाचा निर्णय केंद्राने कोर्टावर सोडला, आणि दोन प्रौढांचं संमतीचं नातं गुन्हा उरलं नाही. २०२३ साली त्याच केंद्राने समलैंगिक विवाहाला कडाडून विरोध केला. सुप्रीम कोर्टानेही मान्यता दिली नाही. पुढच्याच वर्षी केंद्राने राज्यांना कळवलं, रेशन कार्डासाठी अशा जोडप्याला एकाच घरातलं धरा. जोडीने बँकखातं काढायला, एकमेकांना नॉमिनी करायलाही आडकाठी नाही. हे फार थोडं आहे, फार उशिरा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

वडील महाराष्ट्र एकीकरण समितीचे, म्हणजे कर्नाटकातला मराठी सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून लढणाऱ्या संघटनेचे, जुने कार्यकर्ते. त्यांना म्हटलं, "काका, सीमाखटला २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. निकाल लागेपर्यंत तुम्ही घरात मराठी बोलायचं थांबलात का?" ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले.

एक गोष्ट मात्र मी हट्टाने मागितली. लग्न झालं की सुधारेल, या आशेने कुणाची लेक घरात आणू नका. अशा लग्नात वर्षानुवर्षं स्वतःलाच दोष देत बसलेल्या बायका मी याच खोलीत रडताना पाहिल्यात.

महिन्याभराने आईचा फोन आला. वडील स्वतः निपाणीला जाऊन आले होते. 'नकार आमच्याकडनं हाय, तुमच्या पोरीत काय कमी न्हाई,' एवढंच सांगून चहा न घेता परतले.

मुलाशी ते अजून बोलत नाहीत. रविवारी आई फोन स्पीकरवर ठेवते, तेव्हा सोप्यातून उठूनही जात नाहीत.