मोसमातली शेवटची फेरी

प्रिय पोरी,

रविवारी तुम्ही तिघं होडी घेऊन गेटवेहून घारापुरीपर्यंत जाताय, हे कळलं. मलाही बोलावलंस, बरं वाटलं. पण माझा गुडघा आता होडीत दुमडत नाही. म्हणून हे पत्र. फोनवर सांगितलं असतं तर ‘हो काका, हो काका’ करत तू अर्धं विसरली असतीस.

आधी भरतीचं. मोबाइलवर वेळ मिळतेच, पण कोळ्यांचा हिशेब तोंडी असू दे: तिथीची पाऊणपट. रविवारी चतुर्थी आहे, चाराची पाऊणपट तीन. म्हणजे तीनच्या सुमारास पाणी पूर्ण भरेल, मग ओहोटी लागेल. तीनला वळायचं. घारापुरी समोर दिसत असली तरी, अगदी दगड मोजता येत असले तरी. हे निघण्याआधी धक्क्यावरच ठरवा, कारण पाण्यावर गेल्यावर कुणाच्याच तोंडून ‘परत फिरू’ निघत नाही.

जाताना सगळं फुकट मिळतं. पश्चिमेचा खारा वारा पाठीशी, भरती आत ओढतेय, शीड फुगलेलं. होडी वाऱ्याबरोबरच पळते, त्यामुळे वारा किती वाढलाय ते अंगाला कळतच नाही. वळलात की तोच वारा तोंडावर येतो. मग तिरकं तिरकं टॅक घेत दहा किलोमीटरचे सहज पंधरा होतात. ओहोटी तुमच्या बाजूनं असते खरी, पण वाऱ्याविरुद्ध पाणी वाहायला लागलं की आखूड, उभ्या लाटा उठतात. भिजाल. डबा पिशवीत घट्ट बांधा. आणि गेटवेच्या दक्षिणेला घसरू नका. तीच ओहोटी तुम्हाला कुलाब्याच्या टोकाशी असलेल्या प्राँग्ज दीपगृहाकडे ओढत नेईल. नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, जरा उत्तरेच्या अंगाला ठेवा, पण नौदलाच्या गोदीपासून लांब.

मोठी जहाजं त्यांच्या मार्गानं येत असतील तर शिडाच्या होडीला आधी वाट मिळण्याचा मान वगैरे विसरा आणि वाट द्या.

आता माझी फजिती. अशाच एका मेमध्ये ‘अजून एक चक्कर’ म्हणत आम्ही रेंगाळलो. साडेपाचला वारा एकाएकी पडला, शीड ओल्या धोतरासारखं लोंबायला लागलं. मी खूश! मोठ्या शिडाचा दोर क्लीटमध्ये, म्हणजे दोर पकडून ठेवणाऱ्या खिट्टीत, अडकवला आणि थर्मास उघडला. उरणच्या डोंगरावर काळं उभं राहिलं होतं, तिकडे माझी पाठ. आधी गार झुळूक आली, मातीचा वास घेऊन. मग पूर्वेकडचं पाणी सुरकुतत, काळं पडत आमच्याकडे धावत आलं. होडी आडवी झाली, माझा कोपर पाण्यात. सोबत्यानं दोराला हिसका देऊन तो सोडवला म्हणून निभावलं. थर्मास अजून तळाशी असेल.

तेव्हा दोर हातातच ठेव, कितीही कंटाळा येवो. संध्याकाळी वारा पडला तर आधी पूर्वेला बघ. ढग उभा असेल तर शीड उतरवा, नांगर टाका, जॅकेटचे पट्टे आवळा आणि वळीव डोक्यावरून जाऊ द्या.

शनिवारी रात्री आणि रविवारी सकाळी, दोन्ही वेळा हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा वाच. तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळून गेलं ते 17 मे 2021 ला. हे दिवस तसलेच. इशारा असेल तर फेरी रद्द. सामोसे धक्क्यावर बसून खा, मीही येतो.

सोमवारी होडी पावसाळ्यासाठी वर काढायची आहे, भरतीच्या पाण्यावरच. डोलकाठी उतरवायला हात कमी पडतात. सोमवारची भरती किती वाजता ते तूच काढ आणि त्याच्या अर्धा तास आधी ये.

तुझा,
काका