पहिले आय.आर.ए. खाते उघडताना

अमेरिकेत प्रथमच आय.आर.ए. (निवृत्तीसाठी बचतीचे वैयक्तिक खाते) उघडत असाल, तर २०१९ आणि २०२२ च्या सिक्युअर कायद्यांनी (निवृत्ती-बचतीचे नियम बदलणारे कायदे) केलेले बहुतेक बदल तूर्त बाजूला ठेवा. सक्तीने पैसे काढण्याचे वय ७२ वरून ७३ झाले आणि २०३३ पासून ते ७५ होणार, हे तिशीतल्या माणसाला आज ठाऊक नसले तरी काही बिघडत नाही.

तुमच्या कामाचा आकडा वेगळा आहे. २०२६ साठी खात्यात पैसे भरण्याची मर्यादा ७,५०० डॉलर असून पन्नाशी गाठलेल्यांना आणखी १,१०० डॉलर भरता येतात. ही मर्यादा पारंपरिक (कर सहसा पैसे काढताना) आणि रॉथ (कर आधी भरून, निवृत्तीत काढताना सहसा करमुक्त) अशा सर्व खात्यांची मिळून आहे. दोन्हींत पूर्ण रक्कम भरणे ही नवख्यांची नेहमीची चूक, आणि जादा रक्कम खात्यातून काढेपर्यंत तिच्यावर दरसाल ६ टक्के कर लागतो.

आणखी दोन गोष्टी सांभाळा:

- जानेवारी ते १५ एप्रिलदरम्यान पैसे भरताना ते मागील वर्षाचे की चालू वर्षाचे, हे नीट निवडा.
- भरलेली रक्कम आपोआप गुंतवली जाईलच असे नाही. फंड निवडून खरेदीची ऑर्डर दिली नाही, तर ती रोख स्वरूपात नुसती पडून राहते, आणि अनेकांना हे फार उशिरा कळते.

रॉथसाठी उत्पन्नाची अट आधी तपासा. ‘बॅकडोअर रॉथ’चा (उत्पन्न जास्त असलेल्यांनी आडवाटेने रॉथमध्ये पैसे नेण्याचा) विषय पुढच्या वर्षी काढू.