‘शंभरात सहा’ म्हणजे माळ्यावरची सहा नव्हेत

तुमचे प्रश्न दोन आहेत. अमेरिकेत तपासणीला आलेल्या दर शंभर वटवाघळांमागे साधारण ६ रेबीजची निघतात, मग माळ्यावरच्या शंभरातली सहा पिसाळलेली धरायची का? आणि शहरातली सगळी मारून का टाकत नाहीत? दोन्हींकडे येते. पण जाता जाता तुम्ही एक वाक्य लिहिलं आहे, की गेल्या आठवड्यात मुलगा झोपला होता त्या खोलीत वटवाघूळ शिरलं आणि तुम्ही खिडकी उघडून ते घालवून दिलं. तुम्ही अमेरिकेतच राहता, म्हणून आधी हे: आजच डॉक्टरांना किंवा स्थानिक आरोग्य विभागाला फोन करा. जखम दिसत नाही म्हणून थांबू नका. या छोट्या, किडे खाणाऱ्या वटवाघळांचे दात इतके बारीक असतात की चावल्याची खूण सहज नजरेतून सुटते, आणि झोपलेलं मूल काही सांगू शकत नाही. आठवडा गेला तरी उशीर झालेला नाही. लक्षणं दिसायच्या आत इम्युनोग्लोब्युलिन (विषाणूशी लढणाऱ्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) आणि लशीचे डोस मिळाले तर रेबीज टळतो. लक्षणं सुरू झाली की वाचणारा विरळाच.

आता आकडा. मी बरीच वर्षं प्राण्यांच्या रोगनिदान प्रयोगशाळेत रेबीजच्या तपासण्या केल्या. आमच्याकडे वटवाघूळ यायचं ते कसं? भर दिवसा जमिनीवर पडलेलं, उडता न येणारं, मांजरानं तोंडात धरून आणलेलं, नाहीतर घरात सापडलेलं. आजारी असण्याची शक्यता ज्यांच्यात मुळातच जास्त, तीच वेचून येतात. दवाखान्याच्या रांगेत उभं राहून गावात किती जणांना ताप आहे ते मोजण्यातला हा प्रकार. जाळी लावून सरसकट पकडलेल्या वटवाघळांत हेच प्रमाण एक टक्क्याच्याही खाली जातं.

आणखी एका गोष्टीनं लोक घाबरतात. रक्त तपासलं तर बऱ्याच वटवाघळांत रेबीजविरोधी प्रतिपिंडं सापडतात. ती सगळी रोग पसरवत फिरत असतात, असं मुळीच नाही. विषाणूशी गाठ पडली आणि शरीरानं तो परतवला, एवढंच त्यातून कळतं. ज्याच्या मेंदूपर्यंत विषाणू पोचतो आणि लाळेत उतरतो, ते वटवाघूळ स्वतःही मरतं.

मग असा एकांगी आकडा गोळा कशाला करायचा? कारण लोकसंख्येतलं प्रमाण त्यातून मिळालं नाही तरी बदल कळतो. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात पिल्लं उडू लागतात, घरांत शिरतात, आणि आमच्या टेबलावर ढीग लागायचा. एखाद्या वर्षी नेहमीपेक्षा वेगळ्या जातीत रेबीज दिसू लागला तर ते महत्त्वाचं. विषाणूची जनुकीय ओळख पटवली की रॅकून किंवा स्कंक अशा तिथल्या रानटी प्राण्यांना झालेला रेबीज मुळात वटवाघळाकडून आला का, तेही सांगता येतं. १९५३ साली फ्लॉरिडात एका मुलावर झेपावलेलं वटवाघूळ कुणीतरी तपासायला दिलं, म्हणून अमेरिकेतल्या कीटकभक्षी वटवाघळांत रेबीज आहे हे कळलं. आजही सगळी देखरेख अशाच कुणीतरी आणून दिलेल्या एकेका वटवाघळावर उभी आहे.

म्हणून माझी कळकळीची विनंती: पुन्हा असं झालं तर ते सोडून देऊ नका आणि डोकं ठेचू नका. तपासणी मेंदूची होते. मेंदूचा देठ आणि लहान मेंदू शाबूत लागतो. चपलेनं चेंदामेंदा झालेली वटवाघळं मी कितीतरी पाहिली आहेत, आणि त्या प्रत्येक वेळी घरच्यांना ‘निदान शक्य नाही’ असं कळवताना वाईट वाटलं आहे. जाड हातमोजे घाला, डबा पालथा घालून खालून पुठ्ठा सरकवा, चिकटपट्टीनं बंद करा आणि आरोग्य विभागाला कळवा. मेलेलं असेल तर गार ठेवा, गोठवू नका. चाचणी निगेटिव्ह आली की लस घ्यायची गरजच उरत नाही. २०२१ च्या शरदात अमेरिकेत वटवाघळांच्या रेबीजनं काही आठवड्यांत तिघं गेले. एकाचं वटवाघूळ पॉझिटिव्ह आलं होतं, तरी त्यानं लस नाकारली. बाकी दोघांनीही उपचार घेतलेच नव्हते. मला ती बातमी अजून सलते.

तुम्ही भारतातल्या नातेवाइकांनाही सावध करायचं म्हणता. नेहमीचा रेबीज विषाणू वटवाघळांत वस्ती करून आहे तो फक्त अमेरिका खंडांत. युरोप आणि ऑस्ट्रेलियातल्या वटवाघळांत त्याचे भाऊबंद सापडतात आणि त्यांनीही माणसं दगावली आहेत. पण जगभरात माणसांना होणाऱ्या रेबीजपैकी ९९ टक्क्यांपर्यंत कुत्र्यांकडून येतो. भारतात आधी कुत्र्याच्या चाव्याचीच काळजी करायला सांगा: पंधरा मिनिटं साबण-पाण्यानं जखम धुवायची आणि लगेच लस.

मारण्याबद्दल. पेरूमध्ये रक्तपिपासू वटवाघळांची कत्तल करून पाहिली, रेबीज हटला नाही. वसाहत उधळली की उरलेली दुसरीकडे जातात आणि विषाणूही त्यांच्याबरोबर जातो. तुमच्या माळ्यावरची काढायचीच असतील तर बाहेर जाता येईल पण आत येता येणार नाही अशी जाळी फटींना लावतात, मात्र पिल्लं उडू लागल्यानंतरच. आधी लावलीत तर आया बाहेर राहतात, पिल्लं आत मरतात, काही खोल्यांत उतरतात. तोवर माळ्यातून मुलाच्या खोलीत येणारी फट तेवढी आजच बुजवा, आणि त्याआधी तो फोन करा.