‘घाट’ : डोंगरातला आणि नदीवरचा

प्रश्न असा : पुण्याहून वाईला जाताना खंबाटकी घाट लागतो, वाईहून पाचगणीला चढायचं तर पसरणी घाट, आणि खुद्द गावात कृष्णेच्या काठी गणपती घाट. डोंगरातली वळणं आणि नदीच्या पायऱ्या, दोन्हींना ‘घाट’च कसं?

शब्द एकच आहे. मूळ संस्कृत ‘घट्ट’ : नदीत उतरायची, नावेत चढायची जागा. नदी काही कुठूनही ओलांडता येत नाही. त्यामुळे जिथे उतार तिथे माणसांची ये-जा, आणि जिथे ये-जा तिथे जकात वसूल करणारे. संस्कृतात ‘घट्टकुटी’ म्हणजे चक्क जकातनाका. ‘घट्टकुटीप्रभातन्याय’ तिथलाच : जकात चुकवायला एक व्यापारी रात्रभर आडवाटेनं भटकला, आणि उजाडल्यावर बघतो तर नाक्याच्या दारात उभा! (शास्त्रीमंडळी वादात प्रतिपक्षाला हा न्याय ऐकवून गप्प करत.)

सह्याद्रीचं तेच. जिथे वाट सापडते तिथूनच लमाणांचे तांडे वरखाली करणार, आणि नाकाही तिथेच बसणार. नाणेघाटातला दगडी रांजण जकातीचाच, असं सांगतात. म्हणून माझ्या मते घाटाचा गाभा पायऱ्या नव्हेत की वळणंही नव्हेत. ‘पार होण्याची जागा’ हा आहे. दगडी पायऱ्या पुढे बांधल्या गेल्या.

वाईत तर हा शब्द आणखी पसरला. तिथे सात घाट, आणि प्रत्येकाला आपापली आळी जोडलेली. कृष्णाबाईचे, म्हणजे कृष्णा नदीचे, उत्सवही घाटवार, पाळीपाळीनं. गणपती घाटावरचं ढोल्या गणपतीचं देऊळ गणपतराव भिकाजी रास्त्यांनी १७६२ साली बांधलं. पुराचं पाणी दुभंगून जावं म्हणून त्याची मागची भिंत माशासारखी निमुळती केली आहे.

खरी गंमत ‘घाटावर’ या रूपात. वाईत कुणी ‘घाटावर गेलाय’ म्हटलं तर तो नदीकाठी सापडेल. कोकणात हेच ऐकलंत तर तो डोंगर चढून देशावर गेला, आज काही परतत नाही. मुंबईतला ‘घाटी’ या दुसऱ्या अर्थातून आला. त्याला चिकटलेली तुच्छता मात्र शहराची, शब्दाची नव्हे.

‘घाटदार’ नाक किंवा भांड्याचा ‘घाट’ यात ओढू नका. तो ‘घडणे’च्या कुळातला, नुसता नामसारखेपणा.